कविता, गाणे आणि दुखणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आजारी किंवा दुःखी माणसाला कविता आणि संगीत यांचा नेमका काय उपयोग होतो, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. कोणाच्याही चालू उपचारात बदल सुचवलेला नाही, कारण तो अधिकार रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना काही महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आता थोडा हलतो, पण वाचा गेली ती गेलीच. ‘पाणी’ एवढा शब्दही त्यांना उच्चारता येत नाही. एके दिवशी मी सहज एक जुने गाणे गुणगुणत होते, तेव्हा त्यांनी पुढची ओळ शब्दांसकट, स्वच्छ म्हटली. आता हे बोलू लागतील असे आम्हा सर्वांना वाटले, पण गाणे संपले आणि शब्दही थांबले. हे कसे घडते? रोज गाणी म्हणवून घेतली तर त्यांची वाचा परत येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही जे पाहिले ते खरे आहे आणि वैद्यकाला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्वीडनमधील ओलोफ दालिन यांनी १७४५ मध्येच अशा एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे, ज्याला बोलता येत नव्हते, पण पाठ असलेली भक्तिगीते स्पष्ट शब्दांत म्हणता येत होती. पुढे १८६१ मध्ये पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी, मेंदूच्या डाव्या गोलार्धातील पुढच्या भागाला इजा झाली की समजूत बरीचशी शाबूत राहूनही बोलणे कसे खुंटते, हे दाखवून दिले. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा गोलार्ध चालवतो. तुमच्या यजमानांचा उजवा हात दुर्बळ झाला आहे, त्यावरून इजा डाव्या गोलार्धात असावी असे दिसते. बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मुख्यतः डावा गोलार्ध करतो. गाणे मात्र दोन्ही गोलार्धांत पसरलेले असते आणि सुरांच्या चढउतारात उजव्याचा वाटा मोठा असतो.

याखेरीज आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. आपण जेव्हा स्वतःहून एखादे वाक्य बोलतो तेव्हा काय म्हणायचे ते ठरवणे, शब्द शोधणे, त्यांचा क्रम लावणे आणि मग जीभ-ओठांकडून ते वदवून घेणे, अशी कामे क्षणार्धात पार पाडावी लागतात. पाठ असलेल्या गाण्यात यांतले जवळजवळ काहीच करावे लागत नाही. शब्द कोणते, कोणत्या क्रमाने, किती लांब, कोठे थांबायचे, हे सारे चालीने आणि छंदाने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि एक शब्द आला की तोच पुढच्याला ओढून आणतो. म्हणूनच वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार किंवा लहानपणची प्रार्थनाही ओळीने म्हणता येते, आणि त्यांतलाच एखादा शब्द वेगळा काढून विचारला की तो मात्र सापडत नाही. गाण्यातला शब्द म्हणता आला याचा अर्थ तो शब्द बोलण्यासाठी मोकळा झाला असा होत नाही, हे घरातल्यांनी समजून घेतले तर पुढची निराशा टळेल.

मात्र या मार्गाने पुढे जाता येते. १९७३ मध्ये बोस्टनमधील मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी यावरच आधारलेली एक उपचारपद्धत मांडली. तिच्यात आवडीची गाणी गाऊन घेत नाहीत. रोजच्या गरजेचे दोन-तीन शब्दांचे वाक्य घेतात, ‘पाणी दे’ किंवा ‘मला उठव’ असे, आणि ते केवळ दोन सुरांवर, एक उंच आणि एक खालचा, संथपणे म्हणतात. जोर असलेले अक्षर वरच्या सुरावर येते. प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाचा डावा हात हलकेच टेकवला जातो. आधी उपचारक एकटा गुणगुणतो, मग दोघे मिळून म्हणतात, मग उपचारक मध्येच आपला आवाज काढून घेतो आणि रुग्ण एकटा वाक्य पुरे करतो. त्यानंतर ‘तुम्हाला काय हवे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच वाक्य यावे लागते. शेवटी सूर हळूहळू सपाट करत वाक्य साध्या बोलण्याच्या चालीवर आणले जाते. यासाठी आठवडेच्या आठवडे, बहुधा रोज, सराव लागतो, आणि ज्यांची समजूत बऱ्यापैकी शाबूत आहे पण बोलणे अडले आहे अशांना त्याचा लाभ होण्याची शक्यता अधिक असते. अमेरिकेच्या तेव्हाच्या संसद सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात २०११ मध्ये गोळी लागून वाचा गेली होती. त्यांच्या पुनर्वसनात वाचा-उपचाराबरोबर संगीतोपचाराचाही मोठा भाग होता.

येथे कवितेचा संबंध कसा येतो, तेही सांगायला हवे. या पद्धतीत काम सूर करतो की लय, असा प्रश्न संशोधकांना पडला. जर्मनीतील बेंजामिन श्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की रुग्णांना शब्द उच्चारण्यास मदत होते ती बऱ्याच अंशी लयीमुळे आणि शब्द आधीपासून ओळखीचे असल्यामुळे, आणि निव्वळ सुराचा वाटा समजला जातो त्यापेक्षा कमी असतो. या विषयावरचा वाद अजून मिटलेला नाही, तरीही मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण लय आणि ओळखीचे शब्द हे दोन्ही कवितेकडे असतात. ज्याला गाता येत नाही, किंवा गाण्याचा संकोच वाटतो, त्याने पाठ असलेली कविता हाताने ठेका धरून, चरणाच्या शेवटी नीट थांबत म्हटली, तरी तो त्याच वाटेवर असतो.

तर ताई, आता काय करावे? वाचा-उपचारतज्ज्ञांना तुमचा अनुभव जसाच्या तसा सांगा, यजमानांनी पाठ म्हटलेली ओळ कोणती हेही सांगा, आणि त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दोन-तीन उपयोगाची वाक्ये लयीत बांधून घ्या. घरी गाणी अवश्य म्हणा, पण पाहुण्यांपुढे यजमानांना ‘म्हणून दाखवा’ असे कधीही सांगू नका. ज्या माणसाची वाचा गेली आहे, त्याला परीक्षा फार लवकर ओळखू येते. त्यांच्या आवडीचे संगीत रोज ऐकू द्या. फिनलंडमधील तेप्पो सॅर्कॅमो यांनी २००८ मध्ये ६० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, पक्षाघातानंतरचे पहिले दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली आणि त्यांच्या मनाची उदासीनताही कमी राहिली. तुमच्या यजमानांचे पहिले दोन महिने उलटून गेले असले तरी मनाला मिळणारा विसावा उशिरा मिळाला म्हणून वाया जात नाही. वाचा किती परत येईल, हे इजेच्या आकारावर आणि जागेवर ठरेल. ते मला येथून सांगता येणार नाही आणि खोटी आशा मी देणार नाही. पण तुमच्याबरोबर गाताना जी एक ओळ त्यांच्या तोंडून येते, ती उपचाराची पायरी ठरो वा न ठरो, तेवढ्या वेळापुरते तुम्ही दोघे एकाच वाक्यात असता, आणि पत्रातला तुमचा आनंद वाचून मला वाटते की हे तुम्हाला आधीच कळले आहे.

प्रश्न : ‘अमुक राग ऐकल्याने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह आटोक्यात येतो’ अशा याद्या सर्वत्र फिरत असतात. यात तथ्य किती?

उत्तर : एका रोगावर एक राग, अशा याद्यांना आधार देणारा पुरावा नाही. राग हे औषध असते तर मात्रा, परिणाम आणि दुष्परिणाम मोजता आले असते. अशा याद्यांमुळे माणसे गोळ्या बंद करतात, ही माझी खरी काळजी आहे, आणि म्हणून या प्रश्नावर मला गुळमुळीत बोलता येत नाही.

याचा अर्थ संगीताचा शरीरावर परिणाम होत नाही असा मुळीच नाही. तो होतो, पण तो रागाच्या नावापेक्षा गती, श्वास आणि ठेका यांतून होतो. इटलीतील लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील, जपमाळेवर म्हणायची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला सांगितला होता. दोन्ही वेळी त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला, आणि रक्तदाब वर-खाली झाला की तो सावरून धरणारी शरीराची स्वयंचलित यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण ओळीची लांबी जवळजवळ सारखी. ओळ किती लांब आहे यावर श्वास किती लांब घ्यावा लागेल हे ठरते, आणि श्वास बदलला की हृदयाची गती बदलते. २००४ मध्ये जर्मन भाषिक संशोधकांनी ग्रीक महाकाव्याच्या छंदात कविता म्हणवून घेतली, तेव्हा श्वास आणि हृदयाचे ठोके एकमेकांशी जुळून चालू लागल्याचे त्यांना दिसले. आपल्या ओवीचे वा अभंगाचे असे मोजमाप होवो न होवो, जे रोज मोठ्याने म्हणतात त्यांना चरणाशेवटच्या विरामाचा अनुभव असतोच.

त्याच बर्नार्दी यांनी २००६ मध्ये निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकवून पाहिले. जलद संगीताने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. पण सर्वांत जास्त शिथिलता आढळली ती संगीत मध्येच थांबवून ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. संगीत सतत चालू ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जेथे पुरावा भक्कम आहे ती उदाहरणे याद्यांपेक्षा कितीतरी विलक्षण आहेत. कंपवाताच्या रुग्णाची पावले अडखळतात, कारण हालचालीला आतून मिळणारा ठेका क्षीण झालेला असतो. मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की बाहेरून नियमित ठेका ऐकवत चालण्याचा तीन आठवडे सराव केला असता पावलांची लांबी आणि चालण्याचा वेग सुधारतो. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती संगीताने कमी होते, हे २०१३ च्या एका आढाव्यात २६ चाचण्या एकत्र तपासून सांगितले गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि वेदनाशामकांची गरज कमी होते, हे २०१५ मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांच्या आढाव्यातून पुढे आले. यांपैकी एकाही ठिकाणी संगीताने औषधाची जागा घेतली नाही. ते औषधाच्या शेजारी उभे राहिले.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. तेव्हापासून मी फक्त दुःखी गाणी ऐकतो आणि दुःखाच्याच कविता वाचतो. घरचे म्हणतात, असले काही ऐकू नकोस, आनंदी ऐक. पण आनंदी गाणी मला सहन होत नाहीत. मी चुकतो आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही चुकत नाही. शोक झालेल्या माणसाला आनंदी गाणे सुनावणे म्हणजे त्याचे म्हणणे मध्येच तोडण्यासारखे आहे. संगीतोपचारात १९४० च्या दशकापासून एक तत्त्व पाळले जाते : रुग्णाचे मन ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेच्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू, त्याच्या गतीने, संगीत बदलत न्यावे. इरा आल्टशूलर या मानसोपचारतज्ज्ञांनी ते मांडले. आपल्याकडे भरतमुनींनी तर नाट्याचे प्रयोजन सांगतानाच, दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना ते विश्रांती देईल, असे म्हटले आहे. करुण रस दुःखद असूनही आपण पुन्हा पुन्हा त्याच्याकडे का जातो, याचा विचार पुढे भट्टनायक आणि अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकारांनी केला. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, काव्यातील दुःख कोणा एकाचे राहत नाही. ते सर्वांचे होते, आणि म्हणून ते आपल्याला चिरडत नाही, त्याचा आस्वाद घेता येतो. भावाच्या जाण्याचे दुःख तुमच्या एकट्याचे आहे. कविता वाचताना काही काळ ते एकट्याचे राहत नाही.

मात्र सगळ्याच दुःखी कविता सारखे काम करत नाहीत, आणि याचे एक उदाहरण मला फार शिकवून गेले आहे. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत विशीत असताना, १८२६ मध्ये, खोल उदासीनतेत सापडला. त्याने आत्मचरित्रात ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. काही काळ कशानेच काही वाटेना. मग एका लेखकाच्या आठवणी वाचताना, त्या लेखकाच्या वडिलांच्या मृत्यूच्या प्रसंगाशी आल्यावर त्याला रडू फुटले, आणि आपण आतून अगदी दगड झालेलो नाही हे त्याला कळले. संगीतानेही त्याला बरे वाटले, पण लगेच त्याला अशी चिंता लागली की सूर मोजकेच आहेत, त्यांच्या जुळण्या एक दिवस संपतील आणि मग नवे सुंदर संगीत उरणारच नाही. उदासीन मन आनंदातूनही चिंता कशी काढते, याचे याहून अचूक वर्णन मी वाचलेले नाही. त्याने बायरनची कविता हाती घेतली, पण तिचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या कवीची मनःस्थिती त्याच्या स्वतःच्या मनःस्थितीसारखीच होती. १८२८ मध्ये त्याने वर्ड्‌स्वर्थ वाचला आणि तेथे त्याला आधार मिळाला. त्या कवितांना त्याने आपल्या मनावरचे औषध म्हटले, कारण त्यांत निसर्गाच्या दृश्यांबरोबर, त्यांनी जागवलेली भावना आणि त्या भावनेतून चाललेला विचारही होता.

मिलच्या या अनुभवावरून तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारावा. गाणे किंवा कविता संपल्यावर मन थोडे सैल होते, की त्याच त्या विचारांचे चक्र आणखी घट्ट होते? रडून मोकळे वाटत असेल, भावाची एखादी वेगळी, आतापर्यंत न आठवलेली गोष्ट आठवत असेल, कोणाशी बोलावेसे वाटत असेल, तर ते संगीत तुमचे काम करते आहे. पण तेच गाणे तासन्‌तास लावून, ‘मी त्या दिवशी त्याला थांबवले असते तर’ या एकाच वाक्यापाशी मन अडकत असेल, तर गाणे बदला. आनंदी नको, पण शोक धरूनही पुढे सरकणारे निवडा. शक्य असेल तर एकट्याने ऐकण्याऐवजी कोणाबरोबर तरी ऐका. आणि झोप, भूक वा कामावरचे लक्ष उडाले असेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नका. ते काम कवितेचे नाही, आणि तिच्यावर ते ओझे टाकणेही बरोबर नाही.

प्रश्न : कर्करोगाचे उपचार चालू असताना मी कविता लिहू लागले. मैत्रिणी म्हणतात, लिहीत राहा, लिहिण्यानेच तू आजाराला हरवशील. एका जाणकारांना वही दाखवली तर त्यांनी, या कविता नाहीत, असे सांगितले. मी लिहावे की थांबावे?

उत्तर : लिहावे. मैत्रिणींचे म्हणणे प्रेमाचे आहे, पण ते मनावर घेऊ नका. लिहिण्याने गाठ विरघळत नाही, आणि उद्या तपासणीचा अहवाल मनासारखा आला नाही तर आपण कमी लिहिले म्हणून असे झाले, असा दोष स्वतःला देण्याची पाळी येऊ नये. इंग्रज कवी कीट्स याने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि १८१६ मध्ये त्याला व्यवसायाचा परवानाही मिळाला होता. तो कवितेकडे वळला, आणि पंचविसाव्या वर्षी, १८२१ मध्ये, क्षयाने गेला. श्रेष्ठ कवितेलाही क्षय थांबवता आला नाही.

लिहिण्याचा जो उपयोग आहे तो वेगळा आहे आणि तो मोजला गेला आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयीची भावना अशी दोन्ही लिहिली, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांनी हा परिणाम लहान असल्याचे दाखवले, आणि सर्वांनाच तो लाभत नाही. तरीही लिहिणाऱ्यांच्या शब्दांकडे पाहून पेनबेकर यांना एक गोष्ट दिसली, जी मला त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते : ज्यांना लाभ झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळते’ असे शब्द वाढत गेले. विखुरलेल्या गोष्टीला त्यांच्या हातून हळूहळू क्रम येत होता.

कविता येथे रोजनिशीहून एक जास्तीची गोष्ट देते. तिला ओळ असते, आणि ओळ कोठे तोडायची हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. उपचारांच्या काळात सुई कधी, तपासणी कधी, केस कधी गळणार, यांतले काहीच रुग्णाच्या हाती नसते. कागदावर कोठे थांबायचे एवढे मात्र पूर्णपणे तुमच्या हाती आहे. मला हे लहान वाटत नाही.

आता त्या जाणकारांविषयी. वाङ्मयाचा निकष लावून त्यांनी दिलेला अभिप्राय कदाचित बरोबरही असेल, पण तुम्ही तो निकष लावून घेण्यासाठी वही दाखवायला नको होती. चांगली कविता परक्या वाचकासाठीही उभी राहावी लागते. तुमच्या कवितांवर सध्या ती जबाबदारी नाही. ज्या दिवशी, मला काय झाले यापेक्षा, ही ओळ नीट झाली आहे का, असा प्रश्न तुम्हाला अधिक सतावू लागेल, त्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे जा. तोवर, काव्योपचाराचा अनुभव असलेल्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली चालणारा एखादा गट मिळाला तर पाहा. अमेरिकेत या विषयाची पहिली संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून अशा गटांत कवितेचे गुणदोष काढत नाहीत, तिच्यातल्या अनुभवाविषयी बोलतात. ज्या विषयावर लिहिताना झोप उडते, तो विषय एकटीने उकरू नका.

प्रश्न : अंगाईत बाळाला शांत करते ते काय, शब्द की सूर? बाळाला शब्द तर कळत नाहीत.

उत्तर : बाळाला कळतो तो आवाज, त्याची संथ झुलती लय आणि तीच ओळ पुन्हा येणार याची खात्री. २०१३ मध्ये जोॲन लोवी यांनी ११ रुग्णालयांतील, दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या २७२ बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आई-वडिलांनीच आपल्याला प्रिय असलेले एखादे गाणे निवडायचे होते आणि ते अंगाईच्या संथ लयीत प्रत्यक्ष गायले जात असे. बाळांच्या हृदयाची गती उतरली. पण त्याबरोबर आई-वडिलांची भीतीही कमी झाली, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. शब्द बाळासाठी नसतात, ते गाणाऱ्यासाठी असतात. म्हणून तर कित्येक अंगाईगीतांत थकवा, एकटेपणा, दूर गेलेला माणूस आणि बाळाविषयीची भीती असते. ज्या गोष्टी कोणापाशी बोलता येत नाहीत त्या आई त्या एकमेव श्रोत्यापाशी बोलते ज्याला त्या कळणार नाहीत, आणि तरी त्याला झोप लागते.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाही, पण शाळेतल्या कविता चालीवर म्हणते. तिच्यासाठी काय निवडावे?

उत्तर : तिच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यान तिने ऐकलेले, पाठ केलेले, स्वतः म्हटलेले जे असेल ते. त्या वयातील आठवणी सर्वांत घट्ट असतात. २०१५ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की दीर्घकालीन सांगीतिक स्मृतीशी संबंधित मेंदूचे भाग अल्झायमरच्या आजारात इतर भागांपेक्षा उशिरा झिजतात. तिने चुकीचा शब्द म्हटला तर दुरुस्त करू नका. ‘मी कोण?’ हे गाण्यानंतर विचारू नका. कविता म्हणताना तुम्हीही म्हणा. आंघोळ, कपडे बदलणे अशा, तिला अस्वस्थ करणाऱ्या वेळांआधी ठरलेली एक कविता म्हणण्याची सवय लावली तर पुष्कळदा ती वेळ सुसह्य होते.

प्रश्न : मला संगीत आवडत नाही. ऐकून काहीच वाटत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिकेने कानाला संगीत लावले तेव्हा उलट त्रास झाला. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काहीही कमी नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला, ज्यांना सूर नीट ऐकू येतात, गाणे दुःखी की आनंदी हेही ओळखता येते, इतर गोष्टींत आनंद मिळतो, पण संगीतात मिळत नाही. अशी माणसे शंभरांत काही थोडी असतात. त्याखेरीज एखाद्या विशिष्ट गाण्याशी जोडलेली वाईट आठवण असू शकते, आणि क्वचित काहींना संगीताने फेफऱ्याचा झटकाही येतो. म्हणून रुग्णाला विचारल्याशिवाय संगीत लावू नये, आणि विचारल्यावर तो ‘नको’ म्हणाला तर कारण विचारू नये. पुढच्या वेळी शस्त्रक्रियेआधीच भूलतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगा. तुम्हाला बोललेला शब्द आवडत असेल तर कोणाकडून तरी काही वाचून घ्या, आणि तेही नको असेल तर शांतता मागून घ्या.